गाभ्याच्या तापमानाचा अंदाज: काल्मन फिल्टरला मागचं किती आठवतं?

छातीच्या पट्ट्यावरून मिळणारी हृदयगती आता मिनिटागणिक सरासरी होऊन काल्मन फिल्टरमध्ये जाते आहे. मागचा अंदाज आणि नवं मोजमाप यांचा मेळ घालून अंदाज सुधारत नेणारी ही गणिती पद्धत; तिच्यातून गाभ्याचं, म्हणजे शरीराच्या आतलं तापमान काढायचं आहे. मॉडेल बुलर आणि सहकाऱ्यांचं, २०१३ चं. त्याचा आटोपशीरपणा मला फार भावतो. लागते फक्त हृदयगती आणि सुरुवातीचं तापमान; वय, वजन, हवेतली आर्द्रता काहीच विचारत नाही.

समीकरणं दोनच. या मिनिटाचं तापमान म्हणजे मागच्या मिनिटाचंच, वर ०.०२२ अंश सेल्सिअस प्रमाण विचलनाचा (म्हणजे साधारण तेवढ्या पसाऱ्याचा) गोंगाट, म्हणजे यादृच्छिक चढउतार. दुसरं हृदयगतीचं: −७८८७.१ + ३८४.४२८६ × ता − ४.५७१४ × ता² (ता म्हणजे तापमान), आणि त्याभोवती १८.८८ ठोक्यांचं प्रमाण विचलन. यात ३७ अंशांना साधारण ७९ ठोके येतात, ३८ ला १२०, ३९ ला १५३.

या खेपेला कोड बाजूला ठेवून स्थिर अवस्थेतला गेन, म्हणजे मोजलेल्या आणि अपेक्षित ठोक्यांमधला फरक अंदाजात किती उतरतो तो गुणक, कागदावर काढला, आणि सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते तिथेच. गेन जवळपास ०.०२२ भागिले १८.८८ इतकाच निघतो, म्हणजे ०.००१२ च्या आसपास. हृदयगती अपेक्षेपेक्षा ४० ठोक्यांनी वर गेली, तर अंदाज मिनिटाला जेमतेम ०.०५ अंश सरकतो. चढावर धाप लागली किंवा सिग्नलला दोन मिनिटं थांबलो, तरी आलेख उड्या मारत नाही, याचं कारण हेच. आणि ते शरीराला धरूनच आहे: थांबल्यावर ठोके झरझर उतरतात, पण आत साठलेली उष्णता जायला वेळ लागतो.

पण फिल्टरचा कालस्थिरांक, म्हणजे अंदाजाला नव्या पातळीच्या बऱ्याच जवळ पोचायला लागणारा वेळ, गेन आणि हृदयगती-तापमान वक्राचा उतार या दोघांवर ठरतो. ३७.५ अंशांना उतार अंशामागे सुमारे ४२ ठोके, म्हणून कालस्थिरांक २० मिनिटांच्या आसपास. ३९.५ ला उतार २३ वर येतो आणि कालस्थिरांक ३५ मिनिटांच्या पुढे जातो. शरीर सर्वात तापलेलं असताना फिल्टर सर्वात संथ! मला ही या मॉडेलची खरी मर्यादा वाटते. प्रसिद्ध झालेली सरासरी चूक −०.०३ ± ०.३२ अंश आहे, पण सरासरीत वरच्या टोकाचं वागणं झाकलं जातं. म्हणून उन्हात पळत राहायचं की थांबायचं, हे मी या आकड्यावर कधीच ठरवणार नाही.

दुसरी अडचण: लांबच्या व्यायामात पाणी कमी पडलं की वेग तोच असूनही ठोके चढत जातात, आणि फिल्टर तो सगळा चढ तापमानाच्या खात्यावर टाकतो.

तापमान किती वेगाने वाढू शकतं याचा पक्का अंदाज उष्णतेच्या हिशेबातून मिळतो. शरीराची विशिष्ट उष्णता किलोमागे सुमारे ३.५ किलोज्यूल धरली, तर ७० किलोच्या माणसाला एक अंश चढायला साधारण २४५ किलोज्यूल लागतात. स्नायूंतून ८०० वॅट उष्णता निघाली आणि थोडीही बाहेर पडली नाही, तरी मिनिटाला ०.२ अंशच.

आता पहिल्या समीकरणातला 'तापमान आहे तिथेच' हा भाग काढून तिथे वेगावरून काढलेली उष्णता आणि घामावाटे जाणारी उष्णता यांचा फरक घालतोय. चाचणीसाठी कृत्रिम, म्हणजे आकड्यांतले धावक तयार केले आहेत, कारण त्यांचं खरं तापमान मला माहीत असतं. तपासणी मिनिटांच्या तुकड्यांवर नाही, अख्ख्या व्यक्ती बाजूला ठेवून करणार. शेजारची मिनिटं इतकी सारखी असतात की तुकडे पाडले तर कुठलंही मॉडेल हुशार दिसतं. घामाच्या बाष्पीभवनाचं सोपं, दमट हवेतही टिकणारं समीकरण कुणी वापरत असेल तर जरूर सांगा, सध्या काम तिथेच अडलंय.