सोअर नदीची बाई बघायला लागलेले कागद

आधी हे सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. इंग्लंडमध्ये राहत असाल आणि एखाद्या मोठ्या ग्रंथालयात कधीतरी जुनं पुस्तक मागवायचा विचार असेल, तर घरच्या कौन्सिल टॅक्सच्या (आपल्या घरपट्टीसारख्या कराच्या) बिलावर तुमचं नाव आहे का ते आजच बघा. आमच्या बिलावर फक्त नवऱ्याचं होतं. तेवढ्यावरून सगळं अडलं.

पुस्तक म्हणजे इंग्रज कवी मायकेल ड्रेटनचं ‘पॉली-ऑल्बियन’. इंग्लंड-वेल्समधल्या नद्या, डोंगर, जंगलं यांचं ३० सर्गांचं काव्य, सुमारे १५,००० ओळींचं. पहिले १८ सर्ग १६१२ मध्ये छापले गेले, उरलेले १२ थेट १६२२ मध्ये. प्रत्येक सर्गाआधी दोन पानांवर पसरलेला, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला एक नकाशा. हे कोरीवकाम विल्यम होलचं मानतात. नकाशा म्हणून त्याचा उपयोग शून्य. रस्ते नाहीत, गावं मोजकी. पण प्रत्येक नदीत एक विवस्त्र जलदेवता, टेकडीवर मेंढपाळ, जंगलात धनुष्यवाली शिकारीण, आणि शहर म्हणजे डोक्यावर बुरुजांचा मुकुट घातलेली बाई! काव्यात या नद्या बोलतात, भांडतात. लंडी बेट इंग्लंडचं की वेल्सचं यावरून दोन्हीकडच्या जलदेवतांची गाण्याची चढाओढ लागते आणि सेव्हर्न नदी न्यायनिवाडा करते. पंधराव्या सर्गात तर थेम आणि आयसिस या नद्यांचं थाटात लग्न लागतं. माझं बालपण वाईचं, कृष्णामाईच्या उत्सवातलं. मला यात नवल वाटायचं काही कारण नव्हतं. इथल्या मित्रमैत्रिणींना मात्र हे सगळं फार विचित्र वाटतं.

मी राहते लेस्टरला. सव्विसाव्या सर्गात नॉटिंगहम, लेस्टर आणि डर्बी असे तीन परगणे येतात. त्यातच आमची सोअर नदी चार्नवुडच्या जंगलाच्या बाजूने वाहत ट्रेंट नदीला मिळते, शेरवुडचं जंगल रॉबिन हूडचं गाणं गातं, आणि म्हातारी पीक डोंगररांग आपल्या परिसरातल्या नवलांची यादी सांगत बसते. या सर्गाचा सुटा नकाशा मी एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतला होता. रंगवलेला, चौकटीत, काचेखाली. दुकानदाराने रंग ‘त्या काळचाच’ असल्याचं सांगितलं. दुकानदार सांगणारच! मला खात्री करायची होती, आणि त्यासाठी पुस्तकातला न सुटलेला नकाशा हाताशी हवा होता.

ग्रंथालयाचं नाव घेत नाही. वाचक-कार्डाचा अर्ज ऑनलाइन झाला, तो भाग इतका सोपा की आता आठवतही नाही. मग मूळ कागदपत्रं घेऊन प्रत्यक्ष जायचं. ओळखीचा एक पुरावा, पत्त्याचा एक पुरावा, आणि एकच कागद दोन्हीसाठी चालत नाही. ड्रायव्हिंग लायसन्स आहे ना, ते पत्त्याला दिलं. मग ओळखीला पासपोर्ट. तिथे घोडं अडलं. माझ्या पासपोर्टात नावाच्या रकान्यात माझं नाव, त्याला लागून नवऱ्याचं नाव, मग आडनाव. लायसन्सवर मधलं नाव नाही. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट आणि लायसन्स शेजारी शेजारी ठेवले आणि अतिशय गोड आवाजात विचारलं, “या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत का?”

मी समजावलं. आमच्याकडे बाईच्या नावामागे आधी वडिलांचं आणि लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावतात, ते तिचं स्वतःचं नाव नसतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, मग दोन्हीकडे जुळणारा तिसरा कागद आणा. बँकेचं स्टेटमेंट? घरी छापलेलं चालत नाही, पोस्टाने आलेलं हवं. आमची बँक कागद पाठवणं बंद करून किती वर्षं झाली! विजेचं बिल ईमेलवर. मोबाइलचं बिल यादीतच नाही. लग्नाचा दाखला नेला, तर त्यावर माहेरचं आडनाव, म्हणजे आता तिसरी बाई उभी राहिली. पुढच्या खेपेला काउंटरवर दुसरे गृहस्थ होते. त्यांनी लग्नाचा दाखला बघितलाच नाही, पण लायसन्सवरचा फोटो जुना आहे म्हणाले. मी रागावले. राग दाखवून काही होत नाही, हेही इथेच सांगून टाकते. ते आणखी सौम्य होतात आणि नियमाचा कागद तुमच्यासमोर सरकवतात.

शेवटी शेजारच्या गुजराती काकींनी तोड सांगितली: कौन्सिलला फोन कर. नवरा-बायको एकत्र राहत असतील तर कौन्सिल टॅक्सची जबाबदारी दोघांची असते, त्यामुळे बिलावर दुसरं नाव घालून मिळतं. फोनवर मी पासपोर्टातलं नाव अक्षरन्‌अक्षर सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट. नवीन बिल पोस्टाने आलं, ते बिल आणि पासपोर्ट नेला, आणि हसऱ्या चेहऱ्याने माझा फोटो काढून कार्ड हातात दिलं. जणू मधे काही घडलंच नव्हतं.

ड्रेटनला दुसऱ्या भागासाठी प्रकाशक मिळेना. तेव्हा त्याने मित्राला, विल्यम ड्रमंडला, लिहिलेल्या पत्रात पुस्तकविक्यांना नीच लबाडांची टोळी म्हटलं होतं. त्या आठवड्यांत हे पत्र मला फार जवळचं वाटत होतं.

कार्ड मिळालं म्हणजे पुस्तक मिळालं असं नाही. मागणी टाकली की उत्तर येतं: या पुस्तकाची डिजिटल प्रत उपलब्ध आहे, ती बघावी. इथे बरेच जण माघार घेतात. मूळ प्रत कशाला हवी, याचं कारण लिहायला एक चौकट असते. तिथे ‘बघायची इच्छा आहे’ असं लिहू नका. मी लिहिलं: तांब्याच्या पत्र्याच्या कडेचा कागदावर उठलेला ठसा, कागद बनवताना त्यात उमटलेल्या जाळीच्या रेघा आणि जलचिन्ह तपासायचं आहे, नकाशाची मापं घ्यायची आहेत. यातलं काहीही पडद्यावर होत नाही. दुसऱ्याच दिवशी होकार.

पांढरे हातमोजे घालून पुस्तक उघडायचं ही सिनेमातली गोष्ट आहे. हात स्वच्छ धुऊन कोरडे करायचे, बस. मोज्यांमुळे उलट पानं फाटायची भीती. पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल चालते. पुस्तक फोमच्या उशीवर ठेवतात आणि पान स्थिर राहावं म्हणून त्यावर शिशाच्या गोळ्या भरलेली कापडी माळ टाकतात. जलचिन्ह दिसावं म्हणून कागदाखाली सरकवायची प्रकाशाची पातळ पाटी काही ठिकाणी असते, पण आपण मागितल्याशिवाय कुणी आणून देत नाही.

मग सव्विसावा सर्ग उघडला. नकाशा निव्वळ काळ्या शाईतला. हे नकाशे छापले जात ते असेच; रंग ज्याने-त्याने नंतर भरायचा, त्यामुळे सुट्या नकाशांवरचा रंग बहुतेक वेळा अलीकडचाच निघतो. पानाची मागची बाजू कोरी. मधे घडीची रेघ, चारही बाजूंना पत्र्याचा दाबलेला ठसा, बोट न लावताही तिरप्या उजेडात दिसणारा. माझ्या नकाशाच्या कडा छाटलेल्या आहेत, म्हणून हा ठसा गेला आहे. पण कोरलेल्या भागाची मापं जुळली, घडी जुळली, जाळीच्या रेघाही तशाच. म्हणजे कागद खरा, रंग बहुधा मागाहूनचा. घरी आधी चौकटीतून काढून नकाशाची मापं घेऊन ठेवली होती ते बरं झालं, काचेवरून पट्टी लावून काही कळत नाही. आणि सोअरमधली जलदेवता माझ्या नकाशात गुलाबी, इथे बिनरंगाची. मला बिनरंगाची जास्त देखणी वाटली. दुकानदाराला मी हे कळवलं, त्याने उत्तर दिलं नाही.

फोटो मोबाइलवर काढू देतात, फ्लॅशशिवाय, पण फक्त स्वतःच्या अभ्यासासाठी. कुठे छापायचा असेल तर वेगळा अर्ज.

एक राहिलं. मागणी टाकण्याआधी कॅटलॉगमध्ये दोन्ही भाग एकत्र बांधलेले आहेत का ते वाचा. ड्रेटनच्या काळातला विद्वान जॉन सेल्डन याच्या टिपा फक्त पहिल्या १८ सर्गांना आहेत, आणि ड्रेटनच्या दंतकथांना तो जिथे चिमटे काढतो तिथे मजा आहे, तेव्हा पहिला भागही मागवाच. पण सव्विसाव्या सर्गासाठी जाऊन हातात नुसता १६१२ चा भाग आला, तर पुन्हा मागणी, पुन्हा कारणाची चौकट.