कळ दाबली तरी कर्नलला कळेना

संगमनेर तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्राच्या सचिवांचा पहिला फोन मला पहाटे सव्वासहाला आला. "मॅडम, मशीन मुकं झालंय. कळा दाबतोय, पण आकडाच उमटत नाही. बाहेर वीस-पंचवीस जण कॅन घेऊन उभेत." मी सांगितलं, बंद करून परत चालू करा. त्यांनी केलं आणि ते चाललं. पुढचे पाच आठवडे मी दर फोनला हेच सांगत राहिले. त्या पाच आठवड्यांचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे. इंटरप्ट म्हणजे यंत्राच्या एखाद्या भागाने प्रोसेसरला मारलेली हाक, आणि ड्रायव्हर म्हणजे तो भाग चालवणारा कोड. लिनक्समध्ये इंटरप्टचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या कुणाचे तरी तेवढे आठवडे वाचावेत.

यंत्र तसं साधं. दुधाचं वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) घ्यायचं, सचिवांनी की-पॅडवर सभासद क्रमांक टाकायचा, पावती छापून द्यायची. आत एक एआरएम प्रोसेसर, त्यावर लिनक्स 5.10, ज्याच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. की-पॅडसाठी वेगळी छोटी चिप. ती प्रोसेसरशी आयटूसीच्या दोन तारांवरून बोलते आणि तिसरी तार इंटरप्टची. कळ दाबली किंवा सोडली की चिप ती नोंद आपल्या पोटातल्या रांगेत टाकते (दहा नोंदी मावतात) आणि इंटरप्टची तार खाली ओढून धरते. कर्नलने येऊन रांग पूर्ण रिकामी केली की तार सोडते. मग ती वर जाते. या चिपचा ड्रायव्हर माझ्याकडे होता. चिप विकणाऱ्या कंपनीने नमुना म्हणून दिलेला कोड मी आमच्या बोर्डावर बसवला होता. पिन ठरवणं, डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल), बिल्ड, पहिली कळ पडद्यावर उमटणं हे सगळं दोन दिवसांत झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

ऑफिसात ते यंत्र कधीच अडलं नाही. आम्ही टेबलावर बसून एकेक कळ दाबून बघायचो. त्यामुळे बैठकीत निष्कर्ष निघाला की गावातले लोक कळा फार जोरात दाबतात. दोन वेळा की-पॅड बदलून दिलं. सर्व्हिसच्या फॉर्मवर 'वापरणाऱ्याकडून हाताळणीत चूक' असा एक रकाना आहे, त्यात खूण झाली आणि त्याखाली सचिवांची सही घेतली गेली. मी त्या बैठकीत होते आणि काही बोलले नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलं आहे.

शेवटी मी स्वतः गेले. सकाळच्या संकलनाला लॅपटॉप सिरीयल पोर्टला जोडून कोपऱ्यात बसले. सचिव एका हाताने कॅनचं झाकण उघडत होते आणि दुसऱ्या हाताने, न बघता, चार आकडी क्रमांक एका सेकंदाच्या आत मारत होते. पहिली कळ सुटायच्या आत दुसरी दाबलेली. मागे बल्क कूलरचा कॉम्प्रेसर मधूनच धाडकन सुरू व्हायचा. तासाभरात यंत्र माझ्यासमोर मुकं झालं.

अशा वेळी पहिली फाइल उघडायची ती 'प्रॉक' खालची 'इंटरप्ट्स'. प्रत्येक इंटरप्ट लाइन किती वेळा वाजली त्याचा आकडा तिथे असतो. बाकी सगळे आकडे वाढत होते, टायमरचा तर धो धो. की-पॅडचा जागचा हलत नव्हता. इथे माझी दिशा चुकली. मी धरून चालले की कर्नलनेच लाइन बंद करून ठेवली आहे. कुठेतरी डिसेबल झालं आणि परत इनेबल झालं नाही, असं काहीतरी. पुण्याला येऊन आठवडाभर मी कर्नलच्या इंटरप्ट विभागाचा कोड वाचत बसले आणि दर पानावर प्रिंट टाकत गेले. कर्नलने काहीच बंद केलेलं नव्हतं.

आमच्या हार्डवेअर विभागात एक काका आहेत, तीस वर्षं सोल्डरिंग आयर्न हातात. मी दोन अंगठ्यांनी भराभर कळा मारून यंत्र मुकं केलं आणि त्यांना ऑसिलोस्कोप लावायला सांगितला. त्यांनी प्रोब टेकवला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, तार खालीच बसलीय. वर जाईल तेव्हा परत खाली येईल ना? तू वाट कशाची बघतेयस?"

सगळं उत्तर त्या वाक्यात होतं. इंटरप्ट ओळखायच्या दोन तऱ्हा असतात. एक काठावरची, म्हणजे एज: तार वरून खाली येते त्या क्षणाचीच दखल घ्यायची. दुसरी पातळीची, म्हणजे लेव्हल: तार खाली आहे तोवर कुणीतरी बोलावतंय असंच धरायचं. एखादा पाहुणा दाराची कडी एकदा वाजवून गप्प उभा राहतो, दुसरा दार उघडेपर्यंत वाजवत राहतो. आमची चिप दुसऱ्या जातीची होती. नमुना ड्रायव्हर मात्र तिला पहिल्या जातीचा समजत होता. चिपच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलंय की रांगेत नोंद आहे तोवर तार खाली राहील. त्याच कंपनीच्या कोडमध्ये 'फॉलिंग एज' लिहिलेलं. मी माहितीपत्रकातली आकृती वरवर पाहिली होती आणि कोडवर विश्वास ठेवला होता.

आता घाईतच का अडायचं ते बघा. तो कोड आधी विचारायचा, रांगेत किती नोंदी? चिप म्हणायची, एक. मग तो एक नोंद वाचून निघून जायचा. आयटूसी 100 किलोहर्ट्झवर चालत असेल तर एका बाइटला नऊ ठोके, म्हणजे 90 मायक्रोसेकंद लागतात आणि चिपचं एक रजिस्टर (आतला एक कप्पा) वाचायला चार बाइट जातात. म्हणजे दोन वाचनांत पाऊण मिलिसेकंद सहज जातो. मध्येच पावती छापायचं काम घुसलं तर आणखी जास्त. एवढ्या वेळात दुसऱ्या बोटाची कळ रांगेत आली की संपलं. रांग रिकामी झालीच नाही, म्हणून तार वर गेली नाही. वर गेली नाही म्हणून खाली आली नाही. खाली आली नाही म्हणून कर्नलला कुणी बोलावलं नाही. पुढच्या कळांनी रांग भरून जाते आणि यंत्र मुकं. बंद-चालू केलं की ड्रायव्हर सुरुवातीलाच रांग रिकामी करतो, म्हणून परत चालतं. सचिवांचा दोष एवढाच की ते आपल्या कामात तरबेज होते.

मी रांग शून्य होईपर्यंत वाचत राहायचं असा बदल केला. दहा दिवस फोन नाही. मला वाटलं सुटलो. अकराव्या दिवशी पहाटे परत तोच नंबर.

या वेळी लॉगमध्ये आयटूसीची एक चूक नोंदलेली होती, कॉम्प्रेसर सुरू व्हायच्या सुमाराची. विजेच्या त्या धक्क्यात एक वाचन फसलं होतं आणि कोड 'चूक आली' म्हणून अर्ध्यातून परत फिरला होता. नोंद रांगेतच राहिली आणि तार खालीच. एज ठेवलीत तर कुठल्याही वाटेने अर्ध्यातून बाहेर पडणं म्हणजे कायमचं बाहेर पडणं आहे. म्हणून लेव्हल घ्यायचीच असं ठरवलं.

डिव्हाइस ट्रीमध्ये फॉलिंग एजचा आकडा 2, खालच्या लेव्हलचा 8. मी 2 चा 8 केला आणि काहीही फरक पडला नाही. पूर्ण दिवस गेला. ड्रायव्हर इंटरप्ट मागताना स्वतःच 'ट्रिगर फॉलिंग' हा फ्लॅग देत होता आणि ड्रायव्हरने फ्लॅग दिला की डिव्हाइस ट्रीतला आकडा बाजूला पडतो. फ्लॅग काढून टाका, ट्रीत लिहिलंय तेच चालू द्या. आणि बदल लागू झाला का हे त्याच 'इंटरप्ट्स' फाइलमध्ये दिसतं, ओळीच्या शेवटाकडे 'एज' किंवा 'लेव्हल' असा शब्द असतो. आमच्या बोर्डावर तो दिवसभर 'एज' दाखवत होता आणि मी त्या रकान्याकडे पाहिलंच नव्हतं.

फ्लॅग काढला, यंत्र सुरू केलं, एक कळ दाबली आणि सगळंच गोठलं. पडदा, कन्सोल, सिरीयल, सगळं.

हा सगळ्यात वाईट टप्पा, पण इथेच मी सगळ्यात जास्त शिकले. इंटरप्ट हँडलरमध्ये (इंटरप्ट आला की कर्नल लगेच चालवतो त्या फंक्शनमध्ये) झोपता येत नाही, म्हणजे थांबून वाट पाहावी लागेल असं कुठलंही काम तिथे करायचं नाही. आयटूसीवरून वाचणं हे नेमकं तसलं काम. तिथे वाचायचा प्रयत्न केलात तर कर्नल 'शेड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक' म्हणून ओरडतो. म्हणून नमुना कोडचा हँडलर फक्त वर्कक्यूला (कर्नलच्या 'नंतर करायच्या' कामांच्या यादीत) काम टाकायचा, 'आयआरक्यू हँडल्ड' असं उत्तर द्यायचा आणि परतायचा. वाचन नंतर, सवडीने. एजला हे चालून जातं. लेव्हलला नाही, कारण हँडलर परतला तेव्हा तार खालीच आहे. कर्नल लाइन उघडतो, ती लगेच वाजते, हँडलर परत काम टाकतो, परततो, परत वाजते. आमचा प्रोसेसर एका कोअरचा. वर्कक्यूची पाळीच येत नाही, त्यामुळे रांग कधी वाचली जात नाही आणि तार कधी वर जात नाही.

अशा वादळापासून वाचवायची सोय कर्नलमध्ये आहे. एखादी लाइन एक लाख वेळा वाजली आणि त्यातल्या 99,900 हून जास्त वेळा एकाही ड्रायव्हरने 'हे माझं' म्हटलं नाही, तर कर्नल 'नोबडी केअर्ड' असा संदेश टाकून ती लाइन बंद करतो. आमच्याकडे तो संदेश आला नाही, कारण आमचा हँडलर दर वेळी 'हे माझं, मी पाहिलं' असं सांगत होता, काहीही न पाहता. कर्नलने त्यावर विश्वास ठेवला. खोटं उत्तर दिल्यावर ती सोय उपयोगाची राहत नाही.

उपाय कर्नलमध्ये 2009 पासून आहे, 2.6.30 या आवृत्तीपासून: थ्रेडेड इंटरप्ट. थॉमस ग्लाइक्सनर यांनी रिअल-टाइम लिनक्सच्या कामातून तो मुख्य कर्नलमध्ये आणला. 'रिक्वेस्ट थ्रेडेड आयआरक्यू' म्हणून मागायचं, पहिला हँडलर रिकामा ठेवायचा, खरं काम थ्रेडमध्ये (कर्नल वेगळी पाळी देऊन चालवतो अशा कामात) करायचं. थ्रेडमध्ये झोपता येतं, म्हणून आयटूसी खुशाल वाचा. आणि सोबत 'वनशॉट' हा फ्लॅग द्यायचाच. त्याचा अर्थ, थ्रेड संपेपर्यंत ही लाइन झाकून ठेव. पहिला हँडलर रिकामा आणि वनशॉट नाही अशी मागणी साधारणपणे कर्नल फेटाळतो. मला आधी ही अट जाचक वाटली होती. वादळ पाहिल्यावर ती का आहे ते कळलं.

एवढं झाल्यावर मी ती आयटूसीची चूक पुन्हा हातात घेतली. वाचन फसलं तर थ्रेडमध्येच 20 मिलिसेकंद थांबायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. लाइन झाकलेली आहे, त्यामुळे वादळ नाही. पाच वेळा फसलं तर चिप रीसेट. थ्रेडमधून परतल्यावर तार अजून खाली असेल तर लेव्हल स्वतःच परत बोलावते. अर्ध्यातून बाहेर पडण्याची भीती गेली.

हे आधीच सांगायला हवं होतं: तार वर आहे की खाली, हे बघायला ऑसिलोस्कोप लागतोच असं नाही. डीबगएफएस (कर्नलच्या आतली स्थिती फाइलींतून दाखवणारी सोय) चालू असेल तर 'सिस-कर्नल-डीबग' खाली 'जीपीआयओ' नावाची फाइल असते, तिथे त्या पिनसमोर 'हाय' किंवा 'लो' लिहिलेलं दिसतं. मी संगमनेरला त्या कोपऱ्यात बसलेली असताना ती उघडली असती तर तो आठवडा वाचला असता. आकडा थांबलाय आणि पिन 'लो' आहे, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की कर्नलचा कोड वाचायला जाऊ नका, ट्रिगर तपासा.

दुसरी एक, जी मला ड्रायव्हर काढून परत घालताना भोवली. 'डेव्हएम' वाली मागणी वापरली की इंटरप्ट आपोआप सुटतो, पण तो ड्रायव्हरचं रिमूव्ह फंक्शन संपल्यानंतर सुटतो. रिमूव्हमध्ये तुम्ही बफर (नोंदी ठेवायची मेमरी) मोकळा केलात आणि त्याच क्षणी कळ दाबली गेली, तर थ्रेड मोकळ्या जागेत लिहितो. तसंच सुरुवातीला: इंटरप्ट मागायच्या आधी चिप, रांग, बफर सगळं तयार असू द्या. लेव्हल असेल तर मागितल्या क्षणी पहिली हाक येऊ शकते.

चिपच्या कंपनीला मी सगळं सविस्तर लिहून पाठवलं, ऑसिलोस्कोपच्या चित्रासकट. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, दोन ओळींचं: नमुना कोड केवळ संदर्भासाठी आहे. तो अजूनही तसाच मिळतो, फॉलिंग एजसकट.

आमच्याकडचा तो फॉर्म मात्र मी सोडला नाही. सर्व्हिसच्या प्रमुखांकडे दोनदा गेले, तिसऱ्यांदा लेखी दिलं. त्या केंद्राच्या तिन्ही फॉर्मवरची 'हाताळणीत चूक' ही खूण रद्द झाली आणि खाली 'ड्रायव्हरमधील दोष' असं लिहून मी सही केली. प्रत सचिवांना पाठवली. त्यांचा फोन आला, संध्याकाळचं संकलन उरकल्यावर. त्यांना फॉर्मबद्दल फार बोलायचं नव्हतं. म्हणाले, "आता कितीबी भराभर दाबलं तरी घेतंय की." मी लॅपटॉपवरून त्यांच्या यंत्राची 'इंटरप्ट्स' फाइल उघडली. ओळीच्या शेवटी 'लेव्हल' होतं आणि ते बोलत असताना, बहुधा मला दाखवायला म्हणून दाबलेल्या कळांनी, आकडा वाढत होता.