हत्तीपासून शंभर मीटर लांब

फोटोग्राफी टूरला लोकांना घेऊन जाणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि या धंद्यात केनियातल्या अंबोसेली अभयारण्याइतकं टेन्शन मला दुसरीकडे कुठे येत नाही. मसाई माराला सिंह दिसेल असं मी छातीठोकपणे सांगतो. अंबोसेलीला येणाऱ्या प्रत्येकाला मात्र एकच फोटो हवा असतो, हत्ती आणि मागे किलिमांजारो. हत्ती केनियात, डोंगर टांझानियात, आणि डोंगरावर ढग. फेब्रुवारीसारख्या कोरड्या महिन्यातसुद्धा पहाटे दिसतो, नऊ-दहापर्यंत ढगात जातो, कधी संध्याकाळी पुन्हा डोकावतो, कधी नाहीच.

त्या फेऱ्यात पुण्या-नाशिकचे चौघे होते. आदल्या दिवशी डोंगराचा पत्ताच नव्हता आणि रात्री जेवताना नाशिकच्या डॉक्टरांनी मला दोनदा ऐकवलं होतं, "सर, तुमचा डोंगर आहे ना जाग्यावर?" त्यांची लेन्स सहाशे मिलीमीटरची, लांबचं एकदम जवळ आणणारी, खास या टूरसाठी घेतलेली. गाडीत ती त्यांच्या शेजारच्या सीटवर बसायची.

दुसऱ्या दिवशी सहाला गेट उघडलं तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. उजाडलं तसा पायथ्यापासून बर्फापर्यंत अख्खा डोंगर उघडा. गाडीत एकदम गलका. आणि सूर्य वर येताच एका वळणावर, रस्त्यापासून पंचवीसेक मीटरवर, एक सुळेवाला नर उभा. कोवळं ऊन अंगावर, मागे किलिमांजारो. "थांबव, थांबव!" चौघेही ओरडले.

थांबलो. दोन-दोन फ्रेम घेऊ दिल्या आणि मी आमच्या मसाई ड्रायव्हरला म्हटलं, आता इथून निघू. डॉक्टर अक्षरशः भडकले. याहून चांगलं काय मिळणार आहे तुम्हाला?

मी त्यांना त्यांचाच स्क्रीन बघायला सांगितला. सहाशेच्या लेन्समध्ये हत्तीचा एक कान आणि डोळा होता, मागे निळसर काहीतरी. बाकीच्यांच्या छोट्या लेन्समध्ये हत्ती फ्रेमभर आणि त्याच्या पाठीआड डोंगराचा उरलासुरला तुकडा. हिशोब सोपा आहे. शिखर ५,८९५ मीटर, अंबोसेलीचं मैदान साधारण ११०० मीटरवर, आणि मधलं अंतर पन्नासेक किलोमीटर. तीन मीटरचा हत्ती तीस मीटरवर उभा असेल तर तो आणि किलिमांजारो डोळ्याला सारखेच उंच दिसतात. त्याहून जवळ गेलात की हत्ती डोंगराला खातो. शंभर मीटरवर गेलात की डोंगर हत्तीच्या तिप्पट होतो. पन्नास किलोमीटरवरच्या डोंगराला आपण शंभर मीटर मागे सरकल्याने काही फरक पडत नाही, हत्ती तेवढा लहान होतो.

हे ऐकून घेतलं असेल सगळ्यांनी, पण पटलं कुणालाच नव्हतं. समोर उभा असलेला हत्ती सोडून जायचं, हे पैसे भरून आलेल्या माणसाला पटवणं कठीणच.

रस्ता सोडून गाडी घालायला इथे मनाई आहे, म्हणून जागा शोधायची ती रस्त्यावरच, आणि हे काम माझं नव्हे, ड्रायव्हरचं. दक्षिणेकडून एक कळप दलदलीकडे निघाल्याचं त्याने दुर्बिणीशिवाय हेरलं होतं. कोरड्या दिवसांत हत्ती सकाळी पाण्याकडे येतात, संध्याकाळी परततात. सकाळी आपण उत्तरेला राहिलो तर ते तोंडासमोर येतात, मागे डोंगर. संध्याकाळी मिळतात त्या शेपट्या. तो नुसतं "सावा, सावा" (स्वाहिलीत 'ठीक, ठीक') म्हणाला, वळसा घालून गाडी उत्तरेच्या रस्त्यावर आडवी लावली आणि इंजिन बंद केलं. इंजिन चालू असलं की गाडी थरथरते आणि लांबच्या लेन्सवर ते लगेच दिसतं.

मग माझी पळापळ. सगळे उघड्या छतातून उभे होते, त्यांना खाली खिडकीशी बसवलं. हे फार कमी लोक करतात. मैदान सपाट, छतातून कॅमेरा अडीच मीटरवर, म्हणजे क्षितिजाची रेघ हत्तीच्या पाठीजवळ जाते आणि हत्ती मातीत चिकटतो. खिडकीतून तीच रेघ त्याच्या पायांच्या उंचीवर येते आणि धड डोंगरावर उठून दिसतं. लेन्स टेकवायला तांदूळ भरलेल्या पिशव्या खिडकीवर ठेवल्या. (पिशव्या रिकाम्या आणायच्या, तांदूळ नैरोबीत घ्यायचे, निघताना कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्यायचे.) केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, त्यामुळे धुळीसाठी कॅमेऱ्यांवर उशांचे अभ्रे.

डॉक्टरांची अडचण निराळीच. सहाशेमध्ये किलिमांजारो मावतच नाही. त्या धुळीत लेन्स बदलू द्यायची माझी तयारी नव्हती. माझा दुसरा कॅमेरा, ७०-२०० मिलीमीटरची लेन्स लावलेला, त्यांच्या हातात दिला. अॅपर्चर एफ ११, शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाचं, फोकस पुढच्या हत्तिणीवर, एक्स्पोजर बर्फ जळून नुसता पांढराफटक होणार नाही असं. १८० मिलीमीटरच्या आसपास राहा म्हटलं, हत्तीपासून शिखरापर्यंत सगळं स्वच्छ येईल.

कळप आला. पुढे म्हातारी, मागे ओळीने माद्या, मधे पिल्लं. सिंथिया मॉस यांनी १९७२ मध्ये इथल्या हत्तींचा अभ्यास सुरू केला तेव्हापासून या कुटुंबांच्या पिढ्या गाड्या बघत आल्या आहेत, त्यामुळे त्यांनी आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शंभर मीटरपासून सत्तरपर्यंत, जेमतेम दोन मिनिटं. मी फक्त एकच ओरडत होतो, "हत्तींच्या मधे फट दिसली की दाबा." एकमेकांवर चढलेले पाच हत्ती फोटोत राखाडी ढीग होतात.

नंतर तर ते गाडीच्या नाकासमोरूनच रस्ता ओलांडून गेले आणि सगळ्यांनी मोबाइल काढले. नऊ वाजता डोंगराच्या कमरेला ढग आला, जमिनीवरून हवा लवलवायला लागली, आणि लांबच्या लेन्सचं काम त्या दिवसापुरतं संपलं.

रात्री निवड करताना सगळ्यांच्या मते सर्वांत चांगली फ्रेम निघाली चौघांतल्या काकूंची. डॉक्टरांची दुसरी, आणि ती त्यांनी छापायचीच ठरवलं. पण तिच्या डाव्या कोपऱ्यात, दूरवर, एक पांढरी व्हॅन आली होती. डॉक्टर म्हणाले, पुसून टाकू, दोन सेकंदांचं काम. मी म्हटलं, घरी लावायला खुशाल पुसा, स्पर्धेला पाठवायचा असेल तर कापा. कापला तर शेवटचं पिल्लू जातं, असं काकूंचं म्हणणं. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, ती व्हॅन माझ्या मेव्हण्याची आहे, राहू द्या.