जागा उरली तर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी हा प्रश्न मी टाळत आलो आहे. गिरगावातल्या एका कॅसेटच्या दुकानात मी 1984 ते 1997 अशी तेरा वर्षं गाणी भरून देण्याचं काम केलं, हे कळलं की माणसं हमखास विचारतात, "एवढी गाणी ऐकलीत, मग तुमचं सगळ्यात आवडतं कोणतं?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, बोरिवलीच्या आमच्या इमारतीत लिफ्टची वाट बघताना विचारतात. पुतणी तर दर गणपतीत विचारते. मी 'शुक्रतारा मंद वारा' म्हणून मोकळा होतो. ते खोटं नाही. पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रांचे आवाज. त्या गाण्याला नको म्हणणारा माणूस मला काउंटरवर कधी भेटला नाही. पण म्हणूनच ते उत्तर अपुरं आहे. जे सगळ्यांनाच आवडतं ते सांगून माझ्याबद्दल तुम्हाला काय कळणार?

खरं उत्तर द्यायचं तर आधी दुकानात यावं लागेल.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्यानं फुटपाथवर थांबायचं. मागच्या भिंतीला रेकॉर्डी उभ्या लावलेल्या, एका बाजूला रेकॉर्ड प्लेअर, दुसऱ्या बाजूला दोन डेक, म्हणजे कॅसेट भरायची यंत्रं. माणसं कागदावर गाण्यांची यादी लिहून आणायची, सोबत कोरी कॅसेट द्यायची किंवा आमच्याकडूनच घ्यायची, आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन जायची. असं भरून देणं कायद्यात बसत नव्हतं, हे तेव्हाही माहीत होतं. गल्लोगल्ली चालायचं, आम्हीही केलं.

या कामात गाण्याइतकंच गणित होतं. 60ची कॅसेट म्हणजे एका बाजूला 30 मिनिटं. जुनी मराठी गाणी बहुतेक तीन-सव्वातीन मिनिटांची, कारण ती मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या ज्या तबकड्यांसाठी बांधली गेली त्यांच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावायचं. जी. एन. जोशींनी गायलेली ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' याच मापाची. त्या तबकड्या गेल्या, जास्त वेळ वाजणाऱ्या एलपी आल्या, तरी भावगीताचं माप फारसं बदललं नाही. मला त्याचं फार कौतुक वाटतं. तीन मिनिटांत दोन किंवा तीन अंतरे, मधले वाद्यांचे तुकडे, आणि परत ध्रुवपदावर येऊन थांबायचं. एकही सूर फुकट घालवायला जागा नाही.

तर एका बाजूला नऊ गाणी बसायची, आणि वर मिनिटभर, कधी दीड मिनिट शिल्लक राहायचं. 90ची कॅसेट मी सहसा घेऊ द्यायचो नाही. तिची फीत पातळ असते, ती ताणली जाते, रोलरला गुंडाळते, आणि मग पेन्सिल घालून फिरवत बसावं लागतं. पावसाळ्यात तर आमची निम्मी मेहनत बुरशीशी असायची. मुंबईच्या दमट हवेत रेकॉर्डींवर पांढरे ठिपके धरायचे, फितीच्या कडेला बारीक पांढरी भुकटी दिसायची. डेकची हेडं, म्हणजे फितीला टेकून आवाज भरणारे भाग, रोज सकाळी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची हे मालकांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं. हेडवर धूळ असली की आवाजातली कड जाते, तंबोरा आहे की नाही हे कळेनासं होतं.

माझ्याकडे एक बाई यायच्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, नऊवारी नव्हे पण तशाच टापटिपीची सुती साडी, हातात कापडी पिशवी. त्यांची यादी म्हणजे निव्वळ नाट्यसंगीत. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, वसंतराव, आणि शेवटी 'मत्स्यगंधा'तलं, अभिषेकीबुवांच्या चालीचं आणि रामदास कामतांनी गायलेलं 'गुंतता हृदय हे'. नाट्यपदं भावगीतांपेक्षा लांब. माझा हिशेब चुकला आणि शेवटचं पद संपायच्या आत फीत संपली. मी तशीच कॅसेट दिली. वाटलं, तीस मिनिटांत दहा-पंधरा सेकंद गेले तर काय मोठंसं.

दुसऱ्या दिवशी बाई परत आल्या. त्या ओरडल्या नाहीत. कॅसेट काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "अरे, गाणारा समेवर यायला निघाला होता. तू त्याला दारातच अडवलंस."

मला काय बोलावं ते सुचेना. मी म्हटलं, "बाई, परत भरून देतो."

"भर. पण ऐक. जागा पुरत नसेल तर गाणं घालूच नकोस. आणि जागा उरली तर..." त्या थांबल्या. मागे कोणी उभं नाही ना हे त्यांनी वळून पाहिलं. "जागा उरली तर सुलोचनाबाईंचं 'सोळावं वरीस' टाक."

मी जरा चमकून पाहिलं असणार, कारण त्या लगेच म्हणाल्या, "आपल्या फणसवाडीतली मुलगी ती. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन उभी राहते, जागची हलत नाही आणि सगळी लावणी नुसत्या गळ्यातून दाखवते. आमच्या घरी लावणीचं नाव काढायची सोय नव्हती. आता घर माझं एकटीचं आहे."

ती लावणी मी भरून दिली. तिच्यासाठी यादीतलं एक पद दुसऱ्या बाजूला सरकवलं, पण ती बसवली. सुलोचना चव्हाण या बाईचं मोठेपण मला त्या दिवशी उमगलं, तोवर मी त्यांना फक्त फडकत्या गाण्यांची गायिका समजत होतो. अक्षर कुठे दाबायचं आणि कुठे सोडून द्यायचं याची त्यांची समज नाट्यसंगीत गाणाऱ्या कोणाहूनही कमी नाही. 2022 साली त्या गेल्या तेव्हा मला आधी बाईंचीच आठवण झाली.

त्यानंतर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायला लागलो, "जागा उरली तर काय टाकू?"

मला जे सांगायचंय ते हेच. यादी म्हणजे माणसाची परीटघडी. ती चार लोकांत नेसायची असते. पाहुणे आले की हीच कॅसेट लागणार, हे यादी करताना मनात असतं. पण जागा उरली तर काय, असं विचारलं की माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग जे नाव घेतो ते वेगळ्याच आवाजात घेतो. बेस्टचे एक कंडक्टर होते. दर वर्षी 6 डिसेंबरच्या आधी ते वामनदादा कर्डकांची आणि प्रल्हाद शिंद्यांची भीमगीतं भरून न्यायचे, चैत्यभूमीला येणाऱ्या गाववाल्यांना द्यायला. जागा उरली तर? "तलत," ते म्हणाले. "कुठलंही चालेल. रात्रपाळी संपवून डेपोतून चालत येताना मी तलत गुणगुणतो." एक पोरगेलासा मुलगा एका मुलीसाठी कॅसेट भरायला आला होता. दोन्ही बाजू सुरेश भटांच्या गझला, सगळ्या आर्त. जागा उरली तर? बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "'नाच रे मोरा'. तिला लहानपणी आवडायचं." गदिमांचं गाणं, पुलंची चाल, आशाबाईंचा आवाज. त्या सगळ्या गझलांपेक्षा त्या एका गाण्यात त्यानं तिला जास्त ओळखलंय, असं मला वाटलं.

तेरा वर्षांत अशी शेकडो नावं ऐकली. कोणाची आवड चांगली आणि कोणाची वाईट, हे ठरवायची माझी खोड त्यात गेली.

आता माझं.

गाणं घालूनसुद्धा कधीकधी फितीवर चाळीस-पन्नास सेकंद उरायचे. त्यात काहीच बसत नाही. कोरं सोडलं तर नुसती खरखर ऐकू येते, माणसाला वाटतं कॅसेट बिघडली. आणि बाईंनी बजावल्यामुळे अर्धं गाणं घालायचं नव्हतं. असं काही हवं होतं, की कुठेही तोडलं तरी तुटल्यासारखं वाटू नये.

ते मला घरीच सापडलं. आकाशवाणीची धून. सकाळी सहाच्या सुमाराला केंद्र सुरू होण्याआधी वाजते ती. खाली तंबोरा, वर व्हायोलिन, तेच ते सूर पुन्हा पुन्हा येतात, आणि कुठेही थांबवली तरी मन पुढचं स्वतःच वाजवून घेतं. तिच्यात लोकांना शिवरंजनी राग दिसतो. ती बांधली वॉल्टर कॉफमन यांनी, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. ते युरोपातले ज्यू संगीतकार. नाझींच्या काळात, 1934 साली ते मुंबईत आले, इथल्या आकाशवाणीत नोकरी केली आणि 1946 मध्ये देश सोडून गेले. आपलं गाव सुटलेल्या माणसानं आपल्याकडचा तंबोरा आणि त्याच्याकडचं व्हायोलिन एकत्र बसवलं, आणि मग कोट्यवधी लोकांची सकाळ त्यावर सुरू होत राहिली. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण मला ती धून आवडते ती कॉफमनसाहेबांमुळे नाही. ती आमच्या चाळीच्या पाण्याची वेळ होती.

आमच्या मजल्यावर वीस खोल्या आणि गॅलरीच्या टोकाला एक नळ. पाणी पहाटे यायचं, फार वेळ राहायचं नाही. घड्याळ सगळ्यांकडे नव्हतं, पण रेडिओ बऱ्याच घरांत होते आणि सगळे एकाच केंद्रावर. धून सुरू झाली की ती एका खोलीतून नाही, अख्ख्या मजल्यावरून यायची. मी झोपेतून उठून हंडा घेऊन निघालो की आमच्या दारापासून नळापर्यंत धून कुठेच खंडायची नाही. एका उंबऱ्याशी ती मंद व्हायची तोवर पुढच्या उंबऱ्यातून कानावर यायची. तंबोऱ्याच्या सुरावर कळश्यांचा आवाज, स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, रात्रपाळीहून आलेल्या कोणाच्या तरी चपला. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आपल्या सगळ्यांची सकाळ एकच आहे, ही जाणीव मला पुढे कोणत्याही मैफलीत तितकी झाली नाही.

1986च्या हिवाळ्यात मी दुकानातला छोटा टेपरेकॉर्डर एका रात्रीपुरता घरी आणला. रेडिओला जोडायची वायर नव्हती. पहाटे उठून रेकॉर्डर स्टुलावर, रेडिओसमोर ठेवला आणि श्वास रोखून बटण दाबलं. धून सुरू झाली. वीसेक सेकंद झाले असतील, एवढ्यात आई मागच्या बाजूनं दार उघडून गॅलरीत गेली आणि रोजच्यासारखी ओरडली, "पाणी आलं गं!"

मी चिडलो. परत घ्यायचं ठरवलं, पण मालकांना रेकॉर्डर सकाळीच परत हवा होता. म्हणून तेच वापरायला लागलो. जिथे सेकंद उरतील तिथे ती धून भरायची. पुढे चांगली वायर मिळाली, स्वच्छ रेकॉर्डिंग करता आलं असतं. मी केलं नाही. मालकांनी एकदा हेडफोन लावून ते ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता हेडफोन काढून ठेवला.

कोणी तक्रार केली नाही. बहुतेकांनी तिथवर ऐकलंही नसेल. फक्त बाई एकदा यादी द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "का रे, त्या लावणीनंतर सकाळचा रेडिओ लागतो, त्यात पाणी आलं म्हणून कोण ओरडतं?"

"माझी आई," मी म्हटलं.

"असं होय," बाई म्हणाल्या. "मी एकदा खरंच उठून नळ बघून आले."

आई 1999 साली गेली. चाळ पाडली, आम्ही बोरिवलीला आलो. मूळ कॅसेट मी जपून ठेवली होती, पण एका पावसाळ्यात तिला बुरशी धरली आणि फीत थरांना चिकटून बसली. सोडवायला गेलो तर तुटत गेली. आईच्या आवाजाचं दुसरं रेकॉर्डिंग माझ्याकडे नाही.

पण ती धून मी दहा वर्षं लोकांच्या कॅसेटींत भरत होतो. गिरगाव, ठाकूरद्वार, ताडदेव, काही दादरला गेल्या, काही गावी. म्हणून पुतणीला यंदा मी 'शुक्रतारा' सांगितलं नाही, हे सगळं सांगितलं, आणि तुम्हालाही सांगतो आहे. तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या कपाटात गिरगावातून भरून आणलेली 60ची कॅसेट असेल, आणि वर निळ्या शाईत गाण्यांची नावं लिहिलेली असतील, तर ते अक्षर कदाचित माझं असेल. दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐका. गाणी संपली तरी लगेच बंद करू नका.