पडदा नव्हता, तरी पीळ पडला

कोंबडीच्या गर्भातलं हृदय सुरुवातीला एक सरळ नळी असतं. अंडं उबवायला ठेवल्यापासून साधारण ३३ ते ३८ तासांत ती नळी धडधडू लागते, आणि त्याच सुमारास वाकते, मग उजवीकडे पिळली जाते. तिच्यावर एक पातळ पडदा ताणून बसलेला असतो. तो हृदयाला वरून दाबतो. माझं संगणकीय मॉडेल सांगत होतं की हा दाब नसेल तर नळी वाकेल, पण पीळ जेमतेम पडेल.

तपासायला आम्ही बारीक सुईने पडदा काढला आणि गर्भ पोषक द्रवात रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवला. सकाळी स्कॅन उघडला, तर हृदय छान पिळलेलं!

मी तीन तास माझीच समीकरणं उसवत बसले. वाढीचा वेग बदलला, ऊतींचा ताठरपणा बदलला. हवं ते उत्तर यावं म्हणून आकडे फिरवत राहणं मला मनापासून आवडत नाही, तरी तेच करत होते.

मग सहकारी म्हणाला, "आडवा छेद बघ ना एकदा."

आमचा स्कॅन म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, प्रकाश वापरून ऊतींच्या आतले छेद दाखवणारं तंत्र. त्यात हवा आणि द्रव जिथे भेटतात तिथे एक लख्ख रेघ दिसते. ती रेघ एरवी गर्भाच्या बरीच वर असते. इथे ती थेट हृदयावर टेकली होती, आणि तिच्याखाली हृदय चपटं झालं होतं. रात्रीत पोषक द्रव आटला होता. पडद्याचं काम पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाचा ताण, करत होता.

वोरोनोव्ह आणि टेबर या संशोधकांनी पूर्वीच हे दाखवलं होतं: पडद्याऐवजी पृष्ठताणाने दाबलं तरी पीळ पडतो. मी तो लेख वाचलेला होता. पण शंका आधी मॉडेलवरच घ्यायची सवय झाली होती, म्हणून आठवलाच नाही.

कोमट द्रव थेंबाथेंबाने सोडला. रेघ वर सरकली, हृदयापासून सुटली. पुढच्या स्कॅनांमध्ये पीळ हळूहळू उलगडत गेला, आणि नळी त्याच लयीत धडधडत होती. आम्ही दोघं काही न बोलता पडद्याकडे, म्हणजे संगणकाच्या, बघत राहिलो.

संध्याकाळी मॉडेलमध्ये पडद्याच्या जागी द्रवाचा ताण घातला. वाढीचे आकडे सकाळचे, मूळचेच ठेवले. नळी उजवीकडे पिळली.