आधी महिना, मग किनारा

'परदेशातला एखादा निवांत बीच सुचव ना' असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: जाणार कधी? समोरचा हिरमुसतो. त्याला निळ्या पाण्याचे फोटो बघायचे असतात आणि मी कॅलेंडर उघडून बसते. पण उष्ण कटिबंधातला समुद्र वाऱ्याच्या तालावर चालतो, आणि एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांवर हा वारा अगदी वेगळा वागतो.

श्रीलंकाच घ्या. डिसेंबर ते मार्च मिरिस्सा, उनावटुना ही नैऋत्येची बाजू छान असते. मे उजाडला की तिथे समुद्र खवळतो, पण त्याच दिवसांत पूर्वेला त्रिंकोमालीजवळच्या निलावेलीचं पाणी शांत असतं. थायलंडचंही तसंच. फुकेत आणि क्राबीकडे पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर, तर पलीकडच्या किनाऱ्याजवळच्या को सामुई बेटावर त्याचा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला जाणाऱ्याने फुकेत धरावं. बालीचा कोरडा मोसम एप्रिल ते ऑक्टोबर. कॅरिबियनमधली हॉटेलं सप्टेंबरात एवढी स्वस्त का, हे कोडं असेल तर उत्तर सोपं आहे: १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा काळ.

महिन्यानंतर बघायची ती भरती-ओहोटी. याकडे फार कमी लोक लक्ष देतात. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर, पाजे आणि जांबियानीला, ओहोटीच्या वेळी पाणी शेकडो मीटर मागे जातं. उघड्या पडलेल्या वाळूत तासन्‌तास फिरायला मला आवडतं. माझ्या जावेला मात्र खोलीतून उठून थेट पाण्यात उडी मारायची असते. तिच्या पंथातल्यांनी उत्तरेचं नुंगवी किंवा केंडवा बघावं, तिथे पाणी एवढं दूर जात नाही. हॉटेलवाले फोटो टाकतात ते भरतीचेच. राहून गेलेल्यांनी टाकलेले फोटो शोधा.

मालदीवला जाणाऱ्यांनी बेट निवडण्याआधी विमान किती वाजता उतरतं ते पाहावं. लांबच्या बेटांवर नेणारी सी-प्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, फक्त दिवसाउजेडी उडतात. संध्याकाळी मालेला उतरलात आणि रिसॉर्ट लांब असेल, तर ती रात्र विमानतळाजवळच काढावी लागते. स्पीडबोटीने गाठता येणारं बेट घेतलं तर हा घोळ टळतो. या प्रवासाचे पैसे बरेचदा खोलीच्या भाड्यात धरलेले नसतात, तेव्हा तुलना करताना ते आधी भाड्यात मिळवा. स्थानिक वस्तीच्या बेटांवर राहणं स्वस्त पडतं, पण तिथे दारू चालत नाही आणि बिकिनी फक्त त्यासाठी राखलेल्या किनाऱ्यावर.

बालीला मार्चच्या आसपास जाणार असाल तर न्येपीची, म्हणजे तिथल्या मौन पाळण्याच्या नववर्षदिनाची, तारीख बघून घ्या. त्या दिवशी विमानतळसुद्धा चोवीस तास बंद असतो आणि पाहुण्यांनाही हॉटेलच्या आवाराबाहेर पडता येत नाही. मला विचाराल तर त्या दिवशी तिथे असावंच; फक्त तिकीट त्या दिवसाचं नको.

आता माझा हट्टाचा मुद्दा. एकच जागा. एकाच सहलीत तीन बेटं बसवू नका. नवऱ्याच्या पायाला भिंगरी आहे, त्यामुळे आमच्या घरात यावर दर वेळी वाद होतो. माझं म्हणणं एवढंच की चेकआउट अकरा-बाराला, पुढच्या ठिकाणी चेक-इन दोन-तीनला, मधे बोट, आणि बोटीआधी बोटीची वाट. त्यात ओले कपडे बॅगेत कोंबणं आलं. एक बेट बदललं की दिवस गेलाच म्हणून समजा. शेवटी तडजोड ठरली: एक दिवस फिरण्याचा, त्यानंतरचा अख्खा दिवस मोकळा. मोकळ्या दिवशी कुणी 'मग आज काय करायचं?' असं विचारायचं नाही.

बोटीची सफर किंवा स्कूबा असेल तर ते सुरुवातीच्या दिवसांत उरका. हवा बिघडून बोट रद्द झाली तर हाताशी दिवस उरतात. शिवाय अनेक डाइव्ह केल्यावर निदान १८ तास तरी विमानात बसू नये असा नियम आहे.

उन्हाबद्दल थोडक्यात: एसपीएफ ३० चं सनस्क्रीन त्वचा भाजणारी यूव्हीबी किरणं सुमारे ९७ टक्के अडवतं, पण ते दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावलं तर. मी सरळ पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पोहतानाचा अंगाबरोबरचा टी-शर्ट, घालते. थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत प्रवाळाला घातक मानलेली ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर २०२१ पासून बंदी आहे, ती भानगडही बरीचशी कमी होते.

पाण्यात उतरताना जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, तर तिथे पोहायला जाऊ नका. तो बहुधा आत ओढणारा प्रवाह असतो. त्यात सापडलातच, तर प्रवाहाशी झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा.

कागदपत्रांत दोनच गोष्टी पाहते. पासपोर्टची मुदत सहा महिने उरली आहे ना, कारण बरेच देश त्यावर अडून बसतात. आणि स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर विमा तिला लागू आहे का. योग्य परवाना नसेल तर अपघाताचा खर्च सहसा मिळत नाही.

परतीचं विमान रात्रीचं असेल तर चेकआउटनंतर आंघोळीची सोय आहे का, हे बुकिंग करतानाच विचारून ठेवा. अनेक रिसॉर्टमध्ये त्यासाठी वेगळी खोली असते, पण न विचारता क्वचितच कुणी सांगतं.