२०१६ची कॅसेट: साईड ए भरली, पातळीचा घोळ सुटला

२०१६च्या मराठी चित्रपटगीतांची एक कॅसेट घरच्या डेकवर भरायचं चाललंय. तिची साईड ए पूर्ण भरली आणि यावेळी एकाही ठिकाणी आवाजाच्या बटणाला हात लावावा लागला नाही. चार वेळा पुसून पाचव्यांदा भरलेली बाजू आहे ही. गाण्यांची यादी आधी ठरवलेलीच आहे, फक्त क्रम बदललाय. तो का बदलला ते पुढे येईलच.

२०१६चं वर्ष कॅसेटवर भरायला अवघड का, हे आता नीट कळलं. एकाच वर्षात, आणि ‘सैराट’च्या बाबतीत तर एकाच चित्रपटात, दोन टोकाची ध्वनिमुद्रणं आहेत. ‘सैराट झालं जी’मधला वाद्यवृंद हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर वाजलेला आहे. त्यात हळू सुरुवात, चढ आणि शिखर आहे. तिकडे ‘झिंगाट’ पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत भिंतीसारखं सपाट उभं आहे. शिवाय ऑक्टोबरचं ‘डॉल्बीवाल्या’ आणि नोव्हेंबरचं ‘या रे या’ ही मांडवातलीच गाणी. ही सगळी एका फितीवर शेजारी बसवायची आहेत.

पहिल्या चार प्रयत्नांत सगळी गाणी इंटिग्रेटेड लाउडनेसवर, म्हणजे पूर्ण गाण्याच्या सरासरी आवाजावर, जुळवली होती. एफएफएमपेग या संगणक-प्रोग्रामचा ईबीयूआर१२८ फिल्टर लावून मोजलं आणि प्रत्येक फाईल -१८ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणली. आकडे अगदी जुळले, पण कानाला काही जुळेना. वाद्यवृंदाच्या गाण्यात गायिका दोन खोल्या पलीकडे गेल्यासारखी वाटायची आणि पुढचं गाणं सुरू झालं की अंगावर यायचं.

कारण मोजण्याच्या पद्धतीतच आहे. इंटिग्रेटेड मोजताना -७० एलयूएफएसच्या खालचं वगळलं जातं. मग उरलेल्याची सरासरी काढून तिच्यापेक्षा १० एलयू (त्याच मापाच्या पायऱ्या) खाली असलेलंही वगळलं जातं. म्हणजे अगदी हळू सुरावट हिशोबातून बाहेर पडते. शिवाय सरासरी ऊर्जेची असल्यामुळे शिखराचं वजन खूप जास्त पडतं. असं गाणं -१८वर आणलं की शिखर त्याच्या वर राहतं आणि मुखड्यातला एकटा आवाज बराच खाली जातो. मुखडा आणि शिखर यांत पाच-सहा एलयूचं अंतर सहज पडतं. दणक्याच्या गाण्यात तेच अंतर जेमतेम एक-दोन असतं. ऐकणारा मात्र सरासरी ऐकत नाही, गळा ऐकतो.

म्हणून आता गळ्यावरच जुळवायचं. प्रत्येक गाण्यातून पहिल्या मुखड्याचे २० सेकंद कापायचे. त्यात गायक हवाच, आणि कोरस किंवा मोठा म्युझिक पीस नको. फक्त तेवढ्या तुकड्याचं इंटिग्रेटेड मोजायचं, -२०शी फरक काढायचा आणि तेवढा गेन (चढ किंवा उतार) पूर्ण फाईलला लावायचा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये अँप्लिफाय वापरा. लाउडनेस नॉर्मलायझेशन वापरलंत तर ते पुन्हा पूर्ण गाणं मोजतं आणि केलेलं काम वाया जातं. ‘आताच बया का बावरलं’ आणि ‘याड लागलं’ या दोन्हींचे गळे पहिल्याच फटक्यात शेजारी येऊन बसले. चार रविवारांनंतरचं ते ऐकणं फार गोड होतं.

एक खबरदारी घ्या. वाद्यवृंदाच्या गाण्याला वर उचललं तर शिखर कापलं जाईल. आधी सर्वांत जास्त चढउताराचं गाणं घ्या, त्याचं शिखर -१ डीबीटीपीच्या (फाईलमधल्या खऱ्या शिखराचं माप) आत ठेवा आणि बाकीची गाणी त्याच्या गळ्यापर्यंत खाली आणा. -२० हा आकडा पवित्र नाही, गरज पडली तर -२२ धरा. कंप्रेसर लावून शिखर दाबण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो अजिबात मानू नका. त्या चढासाठीच हे गाणं यादीत आहे.

आता फितीचा प्रश्न. गळे खाली आले म्हणजे फितीची सूं त्यांच्या तितकी जवळ आली. टाईप वनवर (साधी फीत: टीडीके डी, सोनी एचएफ) डॉल्बी बीशिवाय हळू सुरुवातीखाली ती स्पष्ट ऐकू येते. डॉल्बी बी वरच्या पट्टीतली सूं सुमारे १० डीबीने उतरवतं, पण पातळी अचूक लागते. बायस (भरताना फितीला दिला जाणारा अतिउच्च वारंवारतेचा प्रवाह) आधी डॉल्बी बंद ठेवून लावा. मग ४०० हर्ट्झचा सूर डबल-डीच्या (मीटरवरच्या डॉल्बीच्या चिन्हाच्या) खुणेवर भरा आणि परत वाजवताना काटा त्याच खुणेवर येतो का ते पाहा. एक-दोन डीबी खाली आला तर डॉल्बी ती चूक वाढवून दाखवतं आणि गाणं घोंगडीखाली गेल्यासारखं वाजतं. त्या वेळी हेड खराब झालं म्हणून घाबरू नका. रेकॉर्ड कॅलिब्रेशनचा पॉट (भरण्याची पातळी जुळवायची फिरकी) थोडा फिरवा, बास. डेकला तो बाहेर नसेल तर कव्हर उघडून सर्व्हिस मॅन्युअल पाहूनच हात घाला.

साईड बीवर वेगळीच अडचण आहे. टाळ, झांज आणि शेकर जिथे एकत्र येतात तिथे फीत ‘फिस्स’ करते. कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, म्हणजे १० किलोहर्ट्झची एक लाट फितीवर फक्त ४.७६ मायक्रॉनमध्ये मावते. तिथे फीत मधल्या सुरांपेक्षा कितीतरी आधी भरून जाते. काटा शून्यावर शांत दिसतो आणि टाळ मात्र फुटलेला असतो. यावर ट्रेबल कमी करू नका, त्याने गायकाचा ‘स’ आणि ‘च’ही मरतात. फाईलवरच ६ ते १२ किलोहर्ट्झच्या पट्ट्याला डी-एसर (तीक्ष्ण आवाज तेवढ्यापुरते दाबणारा फिल्टर) लावा, जास्तीत जास्त ३ डीबी, फक्त टाळ पडेल तेव्हाच चालणारा. डेकवर एचएक्स प्रो (वरच्या सुरांनुसार बायस आपोआप बदलणारी सोय) असेल तर बरंच काम आपोआप होतं.

टाईप टू (क्रोम फीत) वापरायचा मोह होतो. पण तिच्या ७० मायक्रोसेकंदाच्या ईक्यूवर (वरच्या सुरांची ठरलेली जुळवणी; टाईप वनला १२०) सूं सुमारे ४ डीबी कमी होते आणि तेवढीच वरची जागाही जाते, म्हणजे टाळ आणखी लवकर फुटतो. बायस आणि ईक्यू यांची बटणं वेगवेगळी असलेला डेक असेल तर क्रोमचा बायस आणि १२० मायक्रोसेकंद ही जोडी करून पाहा. कंपन्यांच्या भरून आलेल्या अनेक क्रोम कॅसेटी अशाच असायच्या.

क्रमाचा निर्णयही यातूनच पक्का झाला. आधी गाणी प्रदर्शनाच्या तारखेने लावली होती, एप्रिलपासून वर्षअखेरीपर्यंत. आता बाजूच वेगळ्या केल्या. साईड ए बैठकीची, साईड बी मांडवाची. असं केलं की रेकॉर्ड लेव्हल प्रत्येक बाजूला स्वतंत्र लावता येते. ए वर शिखर +३पर्यंत जाऊ द्यायचं, आणि बी वर शून्याच्या खालीच थांबायचं. गळे दोन्ही बाजूंना सारखे राहणार नाहीत, पण कॅसेट उलटायला लागणाऱ्या वेळात कान तेवढं विसरतो. तारखांचा क्रम गेला याची हळहळ आहे, तो इनलेवर (खोक्यातल्या कागदावर) लिहून ठेवू.

फितीबद्दल थोडं. सी-९०ची (दोन्ही बाजू मिळून ९० मिनिटांची) फीत पातळ असते, त्यामुळे शेजारच्या वेढ्याचा आवाज हळू सुरुवातीत भुतासारखा आधीच ऐकू येतो. या वर्षासाठी सी-६०च घ्या. पुण्याच्या जुन्या बाजारात सीलबंद मिळाली तरी खोक्यावर विसंबू नका. घेण्याआधी फीत दिसते त्या उघड्या कडेतून प्रेशर पॅड (फितीला हेडवर दाबणारी गादी) पाहा. पितळी पट्टीवरचा नमद्याचा तुकडा निखळलेला असेल तर आवाज सतत आत-बाहेर होत राहतो. स्क्रूवाली कॅसेट घेतली तर पॅड बदलता तरी येतो. वितळवून चिकटवलेली फोडावीच लागते. ऑनलाइन घेतलेल्या पाचांच्या एका गठ्ठ्यात तीन पॅड गळालेले निघाले. विक्रेत्याने दखलही घेतली नाही.

बाजूचा हिशोब: सहा गाणी, मधे ३ सेकंदांची पाच अंतरं म्हणजे १५ सेकंद आणि सुरुवातीची लीडर (आवाज न भरता येणारा तुकडा) सुमारे ५ सेकंद. प्रत्येक सी-६०त बाजूला ३० मिनिटांच्या वर किती फीत आहे ते रिकामी चालवून घड्याळाने मोजा, खोक्यावर ते लिहिलेलं नसतं.

साईड बीसाठी ‘या रे या’चा मुखडा अजून कापायचा आहे. सामूहिक गाण्यात एकटा गळा शोधणं कठीण, तिथे बहुतेक अंतऱ्यावर मोजावं लागेल. तोवर साईड ए समोर धरल्यावर वरच्या कडेला डावीकडे येणारी टॅब (ती तोडली की ती बाजू पुन्हा भरता येत नाही) तोडून ठेवली आहे. पाचव्या वेळी भरलेलं चुकून पुसलं जायला नको.